रोधकता बरोबर, तरी लाइफटाइम का पडला? सिलिकॉनमधल्या अशुद्धींबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सोलर सेल बनवणाऱ्या कारखान्यात तुम्ही नुकतेच क्वालिटीला लागलात. वेफरचा नवा लॉट आला. त्याच्या प्रमाणपत्रावर बोरॉनचं डोपिंग (म्हणजे मुद्दाम घातलेली अशुद्धी), रोधकता १ ओहम-सेंटिमीटर, ऑक्सिजन १६ पीपीएमए (दर दहा लाख अणूंमागे १६), कार्बन १ पीपीएमएपेक्षा कमी, म्हणजे सगळं मर्यादेत आहे. तरी फॉस्फरस आत शिरवणाऱ्या डिफ्यूजन भट्टीतून बाहेर आल्यावर कॅरिअर लाइफटाइम, म्हणजे प्रकाशाने मोकळा झालेला वाहक संपण्याआधी सरासरी टिकतो तो काळ, जुन्या लॉटपेक्षा कितीतरी खाली आहे. पुरवठादार म्हणतो, माल ९९.९९९९ टक्के शुद्ध आहे, आमच्याकडे बोट दाखवू नका. तुम्ही विचारता, एवढ्या शुद्ध स्फटिकात उरलेली चिमूटभर अशुद्धी विजेच्या गुणधर्मांची इतकी उलथापालथ कशी करते, आणि किती अशुद्धी म्हणजे जास्त?

स्फटिक ओढणं आणि वेफर मोजणं या दोन कामांत माझी नोकरी गेली, त्यामुळे हा प्रश्न बऱ्याच वेगवेगळ्या शब्दांत माझ्यासमोर आलेला आहे. ‘किती म्हणजे जास्त’ याला एकच आकडा नाही. अशुद्धीचं नाव, ती जाळीत कुठे बसली आहे आणि तिच्या शेजारी दुसरं कोण आहे, एवढं कळलं तरच आकडा सांगता येतो. तुमच्याच लॉटचे आकडे घेऊन बघू.

सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये ५ × १०^२२ अणू असतात. १ ओहम-सेंटिमीटर रोधकतेसाठी बोरॉन लागतं सुमारे १.५ × १०^१६, म्हणजे साधारण ३३ लाख सिलिकॉन अणूंमागे एक. १६ पीपीएमए ऑक्सिजन म्हणजे साडेबासष्ट हजार अणूंमागे एक, बोरॉनच्या पन्नासपटीहून जास्त. आता प्रमाणपत्रात ज्याचा उल्लेखच नाही ते लोह घ्या. समजा ते घन सेंटिमीटरला १०^१२ आहे, म्हणजे ५००० कोटी अणूंमागे एक.

या तिघांचं काम बघा. बोरॉनने रोधकता दोन-तीन लाख ओहम-सेंटिमीटरवरून एकावर आणली. ऑक्सिजन त्याच्या पन्नासपट आहे, पण रोधकतेला त्याने हातही लावलेला नाही. लोह बोरॉनच्या पंधरा हजारांत एक, म्हणून रोधकतेत ते दिसणं शक्यच नाही. पण तेवढंच लोह लाइफटाइम शंभर मायक्रोसेकंदांवरून काही मायक्रोसेकंदांवर आणू शकतं. ‘जास्त अशुद्धी, जास्त परिणाम’ हा हिशेब इथे पहिल्याच पायरीला मोडतो.

पुरवठादाराच्या सहा नवांचंही (९९.९९९९) इथेच बघून घेऊ. सहा नव म्हणजे दहा लाखांत एक परका अणू, घन सेंटिमीटरला ५ × १०^१६. तुम्ही मुद्दाम घातलेल्या बोरॉनपेक्षा हे तिप्पट आहे, आणि वर धरलेल्या लोहाच्या पन्नास हजारपट. म्हणून नुसते सहा नव ऐकून काहीच कळत नाही. शिवाय असे टक्के काढताना बहुतेक वेळा मोजलेल्या धातूंचीच बेरीज शंभरातून वजा केलेली असते. ऑक्सिजन, कार्बन, नायट्रोजन हिशेबातच नसतात. शुद्धतेचा टक्का हा खरेदी विभागाचा आकडा आहे. तुमच्या कामाला लागते ती मूलद्रव्यागणिक यादी.

आता मुळाशी येऊ. सिलिकॉन इतका हळवा का? कारण त्याच्याकडे स्वतःचे असे वाहक जवळपास नसतातच. खोलीच्या तापमानाला शुद्ध सिलिकॉनमध्ये घन सेंटिमीटरला मोकळे इलेक्ट्रॉन असतात सुमारे १०^१०, आणि तेवढेच होल, म्हणजे इलेक्ट्रॉनने सोडलेल्या, धन वाहकासारख्या फिरणाऱ्या रिकाम्या जागा. म्हणजे पाच लाख कोटी अणूंमागे एक. अशा रिकाम्या जागेत ३३ लाखांत एक या प्रमाणात बोरॉन आलं आणि प्रत्येकाने एक होल दिला, तर वाहक पंधरा लाखपट होतात. मूळ आकडा इतका लहान आहे म्हणून बदल इतका मोठा दिसतो.

तांब्यात याच्या अगदी उलट घडतं. तिथे दर अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन आधीच आहे. बाहेरून आलेला अणू त्यात काय भर घालणार? तो वाटेत उभा राहून इलेक्ट्रॉनांना विखुरतो, एवढंच. तांब्यात ०.०४ टक्के फॉस्फरस विरघळला तर वाहकता पाचव्या ते चौथ्या भागाने घसरते. एसीच्या नळ्यांचं तांबं फॉस्फरस घालून ऑक्सिजन काढलेलं असतं, कारण ब्रेझिंगला ते बरं पडतं. पण विजेच्या तारेला तेच तांबं चालत नाही. तारेच्या तांब्यात उलट थोडा ऑक्सिजन मुद्दाम ठेवतात, कारण तो लोहासारख्या अशुद्धींना ऑक्साइडच्या कणांत बांधून जाळीतून बाजूला काढतो. एकच फॉस्फरस, तांब्यात वाहकता पाडतो आणि सिलिकॉनमध्ये ती लाखोपट वाढवतो. त्यामुळे कोणी ‘फॉस्फरसचा परिणाम काय’ असं विचारलं की मी आधी ‘कशात?’ असं विचारते.

बोरॉन आणि फॉस्फरस सिलिकॉनमध्ये इतके आज्ञाधारक का वागतात? ते सिलिकॉन अणूच्या जागेवर बसतात. फॉस्फरसकडे पाच बाह्य इलेक्ट्रॉन. चार बंधांत जातात, पाचवा उरतो. हा पाचवा फॉस्फरसच्या धन प्रभाराभोवती हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनसारखा फिरतो, पण मध्ये सिलिकॉन असल्यामुळे ती ओढ फार क्षीण झालेली असते. हायड्रोजनची बंधन-ऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ती सिलिकॉनच्या परावैद्युत स्थिरांकाच्या, म्हणजे ११.७ च्या, वर्गाने भागा आणि स्फटिकात इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान कमी असतं तेही धरा. उत्तर येतं २५ ते ५० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. प्रत्यक्ष मोजलेला आकडा फॉस्फरसला ४५ आहे, आणि होल देणाऱ्या बोरॉनलाही ४५. पाठ्यपुस्तकातलं हे सगळ्यात सुंदर गणित असं माझं मत, कारण यात फॉस्फरसच्या स्वतःच्या रसायनाचा जवळजवळ संबंधच येत नाही. तो इलेक्ट्रॉन हजारो सिलिकॉन अणूंवर पसरलेला असतो. मध्यभागी नेमकं कोण बसलं आहे हे त्याला जेमतेम जाणवतं.

इथे विद्यार्थी एक शंका काढतात आणि ती रास्त आहे. खोलीच्या तापमानाची उष्णता-ऊर्जा २६ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, बंधन ४५ चं, मग जवळपास सगळे अणू आयनित होतात कसे? कारण बांधलेल्या जागा आहेत १०^१६ च्या घरात, आणि मोकळ्या पट्ट्यात (मोकळ्या वाहकांच्या ऊर्जापातळ्यांच्या पट्ट्यात) उपलब्ध जागा आहेत १०^१९ च्या घरात. एकदा सुटलेल्याला परत येण्यापेक्षा बाहेर हिंडायला हजारपट जागा आहे. वेफर द्रव नायट्रोजनात घातला की हे समीकरण बिघडू लागतं, वाहक परत बांधले जातात आणि रोधकता चढते.

पण ‘पाचव्या गटातलं मूलद्रव्य म्हणजे इलेक्ट्रॉन देणार’ एवढ्यावर भरवसा ठेवू नका. हिऱ्यात नायट्रोजन हा पाचव्या गटातलाच, पण त्याची पातळी वाहक पट्ट्याच्या १.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट खाली आहे. खोलीच्या तापमानाला तो काहीही देत नाही. हिरा पिवळा दिसतो, पण निरोधकच राहतो. बोरॉनवाला निळा हिरा मात्र ०.३७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पातळीमुळे थोडी का होईना वीज वाहून नेतो. गोवळकोंड्याच्या परिसरातून गेलेला होप हिरा याच जातीचा.

जागा आणि प्रमाण या दोन्हींचा खेळ पहिल्यांदा उघडा पडला तो योगायोगाने. १९४० साली बेल लॅबमध्ये रसेल ओल यांच्याकडच्या सिलिकॉनच्या एका तुकड्यावर प्रकाश पडला की अनपेक्षित मोठा व्होल्टेज मिळत होता. जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्यूरर यांनी उलगडा केला, की वितळलेलं सिलिकॉन थिजताना एका भागात बोरॉन जास्त राहिलं आणि दुसऱ्या भागात फॉस्फरस, आणि मध्ये आपोआप पी-एन जंक्शन, म्हणजे होलवाला पी-भाग आणि इलेक्ट्रॉनवाला एन-भाग यांची सीमा, तयार झालं. फॉस्फरस इतका थोडा होता की त्या वेळच्या रासायनिक तपासणीत तो सापडत नव्हता. संशय आला तो वासावरून, कार्बाइडच्या गॅसला येतो तसल्या. विजेच्या मोजमापाला जे सहज दिसतं ते रसायनशास्त्राच्या तराजूला दिसत नाही, ही अडचण अजूनही संपलेली नाही, आणि तुमचं प्रमाणपत्र हे त्याचंच उदाहरण आहे.

आता ऑक्सिजन. तो क्वार्ट्झच्या मुशीतून येतो. १४१४ अंशांच्या वर वितळलेलं सिलिकॉन मुशीला हळूहळू खात असतं, म्हणून चोक्राल्स्की पद्धतीने, म्हणजे वितळीत बीज-स्फटिक बुडवून वर ओढलेल्या प्रत्येक इन्गॉटमध्ये (स्फटिकाच्या दंडगोलात) तो असणारच. तो सिलिकॉनच्या जागेवर बसत नाही, दोन सिलिकॉन अणूंच्या मधल्या बंधात शिरतो. त्याचे सगळे बंध तिथेच पुरे होतात. द्यायला काही नाही, घ्यायला काही नाही. म्हणून पन्नासपट असूनही तो गप्प. उलट तो वेफरला बळकटी देतो, आणि आयसीच्या (चिपच्या) कामात तर त्याचे सूक्ष्म कण मुद्दाम तयार करून धातूंना त्यांच्यात अडकवतात.

मात्र ऑक्सिजनचं हे गप्प राहणं तापमानावर अवलंबून आहे. ४५० अंशांच्या आसपास स्फटिक बराच वेळ राहिला की ऑक्सिजनचे अणू छोट्या गटांत जमतात, आणि ते गट इलेक्ट्रॉन देऊ लागतात. त्यांना थर्मल डोनर म्हणतात. बराच काळ तापवलं तर त्यांची संख्या १०^१६ पर्यंत जाऊ शकते, म्हणजे तुमच्या बोरॉनच्या तोडीस तोड. इन्गॉटचा वरचा भाग, बीजाकडचा, आधी थिजतो आणि या ४५० अंशांच्या आसपासच्या तापमानात सर्वात जास्त वेळ लटकतो. ऑक्सिजनही तिथेच जास्त असतो. त्यामुळे वरच्या टोकाच्या पी-प्रकारच्या वेफरची रोधकता खोटी चढलेली दिसते, आणि बोरॉन कमी असेल तर वेफर चक्क एन-प्रकारचा मोजला जातो. उपाय सोपा आहे: ६५० अंशांना थोडा वेळ तापवून झटकन थंड करायचं, गट मोडतात. प्रमाणपत्रातली रोधकता या तापवणीआधीची आहे की नंतरची, हे विचारून घ्या. लिहिलेलं क्वचितच असतं.

आता ज्यावर माझा सर्वाधिक संशय आहे त्या लोहाकडे येऊ. लोह जाळीच्या जागेवर बसत नाही, मधल्या पोकळीत राहतं. त्याची ऊर्जापातळी वरच्या किंवा खालच्या पट्ट्याच्या काठाशी नसते, १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फटीत ती खालून ०.३८ वर आहे. प्रकाशाने वर गेलेल्या इलेक्ट्रॉनला खालच्या होलशी थेट मिळणं सिलिकॉनमध्ये अवघड असतं, म्हणूनच लाइफटाइम लांब असतो. पण मध्ये एक टप्पा मिळाला की इलेक्ट्रॉन आधी तिथे उतरतो, मग खाली जातो, आणि टप्पा पुढच्यासाठी पुन्हा रिकामा. एकच लोह अणू हे काम अखंड करत राहतो. बोरॉनचा अणू एकच होल देतो आणि त्याचं काम तिथे संपतं. लोहाचं काम संपत नाही. इतकं थोडं लोह इतकं नुकसान करतं ते यामुळे. त्यात पी-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये हे लोह धनप्रभारित असतं, म्हणजे इलेक्ट्रॉनला ओढून घेणारं.

सेलच्या भाषेत सांगायचं तर लाइफटाइम १०० मायक्रोसेकंद असेल तर इलेक्ट्रॉन साधारण अर्धा मिलिमीटर फिरू शकतो. तुमच्या वेफरची जाडी ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर, म्हणजे तो जंक्शनपर्यंत आरामात पोचतो. लाइफटाइम २ मायक्रोसेकंद झाला तर पल्ला उरतो ०.०८ मिलिमीटर. मागच्या बाजूला तयार झालेले बहुतेक इलेक्ट्रॉन वाटेतच संपतात.

हाच दुर्गुण काही जणांना विकत हवा असतो. जलद स्विचिंगच्या डायोडमध्ये साठलेले वाहक लवकर संपावेत म्हणून सोनं किंवा प्लॅटिनम मुद्दाम आत घालतात. त्याची किंमत गळती-प्रवाहाच्या रूपात मोजावी लागते, पण त्या डायोडला ती परवडते. सोलर सेलला परवडत नाही.

लोह आलं कुठून? बहुधा इन्गॉटमधून नाही, असं मी म्हणेन. स्फटिक थिजताना वितळीतलं लोह आत घेत नाही. आत जाण्याचं प्रमाण लाखात एकापेक्षाही कमी आहे. बोरॉनचं तेच प्रमाण ०.८, फॉस्फरसचं ०.३५. म्हणून इन्गॉटच्या मधल्या भागात लोह अगदीच थोडं असतं. शेपटाकडे वितळीत साचलेलं लोह वाढतं, त्यामुळे शेपटाचे वेफर असतील तर पुरवठादारही सुटत नाही. पण लोह नंतरही येतं, वायर-सॉच्या पोलादी तारेवरून, चिमट्यावरून, ट्रेवरून, रसायनांतून, भट्टीच्या नळीतून. पृष्ठभागावर असेपर्यंत ते निरुपद्रवी. ९०० अंशांना मात्र लोह ०.१८ मिलिमीटरचा वेफर काही मिनिटांत आरपार ओलांडतं. त्याच तापमानाला बोरॉन तासाभरात नॅनोमीटरमध्ये मोजावं इतकंच सरकतं. प्रमाण काढून बघा: वेफरभर १०^१२ लोह व्हायला पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ × १०^१० अणू पुरतात. एका अणूच्या जाडीचा पूर्ण थर असतो १०^१५ च्या घरात. म्हणजे एका थराचा पन्नास हजारावा भाग. डोळ्याला, सूक्ष्मदर्शकाला, साध्या विश्लेषणाला यातलं काही दिसत नाही.

गंमत अशी की तुमची फॉस्फरस डिफ्यूजनची भट्टी लोह आत ढकलते आणि तीच ते बाहेरही ओढते. फॉस्फरसने गच्च भरलेल्या पातळ थरात लोह जास्त विरघळतं, म्हणून आतलं लोह हळूहळू त्या थराकडे जमा होतं. याला गेटरिंग म्हणतात. भट्टीतून वेफर फार घाईने बाहेर काढला तर लोहाला परत जायला वेळ मिळत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत बरंच काही या तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या प्रश्नात लिहिलेल्या नाहीत: भट्टीआधी वेफर कसा धुतला, थंड होण्याचा वेग काय होता, आणि जुना लॉट याच रेसिपीतून, याच नळीतून गेला होता का.

लोह आहे की नाही हे महागड्या विश्लेषणाशिवाय तपासता येतं. पी-प्रकारच्या सिलिकॉनमध्ये धन लोह आणि ऋण बोरॉन अंधारात जोड्या लावतात. जोडीत असलेल्या लोहाची पातळी वेगळी, म्हणून लाइफटाइमही वेगळा. जोरदार प्रकाश काही मिनिटं टाकला की जोड्या तुटतात. वेफर अंधारात ठेवला की तुमच्या बोरॉनला तासा-दोन तासांत बहुतेक जोड्या परत जुळतात. म्हणून वेफर रात्रभर अंधारात ठेवायचा, लाइफटाइम मोजायचा, प्रकाश टाकायचा, लगेच पुन्हा मोजायचा, पुन्हा अंधारात ठेवून तिसऱ्यांदा मोजायचा. आकडा बदलला आणि परत मूळ जागी आला, तर लोह आहे. फरकावरून किती आहे तेही काढता येतं.

यात दोन खाचा आहेत. पहिली अशी की कमी इंजेक्शनला (मोजताना प्रकाशाने तयार केलेले जादा वाहक कमी असताना) प्रकाशानंतर लाइफटाइम पडतो, पण एका विशिष्ट इंजेक्शनच्या वर तो चढतो. दोन्ही मोजमापं एकाच इंजेक्शन पातळीला झाली नसतील तर निष्कर्ष उलटा निघेल. दुसरी खाच जास्त नेहमीची आहे. पृष्ठभाग पॅसिव्हेट केलेला, म्हणजे वाहक तिथे संपू नयेत म्हणून थर देऊन निष्क्रिय केलेला, नसेल तर या जाडीच्या वेफरवर एक-दोन मायक्रोसेकंदच दिसणार, आत लोह असो वा नसो. भट्टीनंतरचा वेफर असेल तर फॉस्फरसचा थर एचिंगने काढून, दोन्ही बाजू पॅसिव्हेट करूनच मोजा. तुमचा ‘पडलेला’ लाइफटाइम उघड्या वेफरवर मोजलेला असेल तर या उत्तराचा अर्धा भाग बाजूला ठेवा आणि आधी ते दुरुस्त करा.

दुसरा संशयित म्हणजे बोरॉन आणि ऑक्सिजन एकत्र. एकएकटे दोघेही लाइफटाइमला फारसं काही करत नाहीत. पण प्रकाशात दोघांचा मिळून एक दोष जागा होतो. पहिली घसरण मिनिटांत, उरलेली तासांत-दिवसांत. प्रकाशाने पडलं म्हणजे लोहच असं म्हणून चालत नाही ते याच कारणाने. फरक ओळखायचा तो परत येण्यावरून. बोरॉन-ऑक्सिजनचा दोष खोलीच्या तापमानाला अंधारात बरा होत नाही. २०० अंशांना दहाएक मिनिटं अंधारात तापवला की जातो, आणि प्रकाशात ठेवला की परत येतो. याच त्रासाला कंटाळून सोलर उद्योगातल्या पी-प्रकारच्या वेफरनी बोरॉन सोडून गॅलिअम धरलं. गॅलिअमचा स्वतःचा त्रास वेगळा: थिजताना स्फटिकात जाण्याचं त्याचं प्रमाण फक्त ०.००८. इन्गॉटच्या वरच्या टोकापासून ९० टक्के लांबीपर्यंत बोरॉनची घनता दीड-पावणेदोनपट होते, गॅलिअमची जवळपास दहापट. वरचा आणि खालचा वेफर एकाच इन्गॉटचे वाटत नाहीत.

तिसरी शक्यता कमी, पण स्वस्त कच्चा माल वापरलेला असेल तर विसरू नका. रोधकता मोजते ती फक्त वजाबाकी. बोरॉन तिप्पट असेल आणि फॉस्फरसने त्यातला दोन-तृतीयांश भाग खोडून काढला असेल, तरी मोकळे होल तेवढेच उरतात आणि प्रमाणपत्रावर जवळपास तोच ओहमचा आकडा येतो. आत मात्र तिप्पट बोरॉन बसलेलं असतं, आणि विखुरणारे अणू पाचपट असल्यामुळे वाहकांची गतिशीलता घटलेली असते. हॉल मापन केलं तर हे उघडं पडतं, कारण त्यात वाहकांची संख्या आणि गतिशीलता वेगळी मिळते.

एक अशुद्धी दुसरीला झाकते याचं सगळ्यात महागडं उदाहरण गॅलिअम नायट्राइडचं. निळ्या एलईडीसाठी त्यात मॅग्नेशिअम घालून होल मिळवायचे होते. मॅग्नेशिअम जात होतं, होल मिळत नव्हते. अकासाकी आणि अमानो यांना १९८९ मध्ये इलेक्ट्रॉन झोताच्या माऱ्याने ते मिळाले. नाकामुरांनी १९९२ मध्ये नायट्रोजनमध्ये नुसतं तापवून मिळवले, आणि दाखवून दिलं की स्फटिक वाढताना शिरलेला हायड्रोजन मॅग्नेशिअमला जखडून ठेवत होता. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. मॅग्नेशिअमचा रासायनिक आकडा आधीही तोच होता आणि नंतरही तोच राहिला.

आता कागदपत्रांकडे. पुरवठादाराला ‘शुद्धता किती’ हे विचारणं सोडा. पीपीएमए म्हणजे अणूंच्या हिशेबाने आणि पीपीएमडब्ल्यू म्हणजे वजनाच्या. सिलिकॉनमधल्या बोरॉनसाठी या दोन आकड्यांत २.६ पटींचा फरक पडतो, आणि तक्त्यात शेवटचं अक्षर हमखास गळतं. ऑक्सिजनचा आकडा इन्फ्रारेड शोषणावरून काढतात, आणि त्यासाठी वेगवेगळी कॅलिब्रेशनं प्रचारात आहेत. जुन्या आणि नव्या एएसटीएम (मानकं ठरवणारी संस्था) आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. तुमचा १६ नव्या हिशेबाचा असेल तर जुन्या हिशेबाने तो ३२ च्या आसपास जाईल. जुन्या लॉटशी तुलना करताना दोन्ही प्रमाणपत्रांवरचं कॅलिब्रेशन एकच आहे ना, हे आधी बघा. वेफर इन्गॉटच्या कोणत्या भागातले आहेत तेही मागा. शेपटाकडचे असतील तर लोहाबद्दलचा संशय पुरवठादाराकडे वळतो. बीजाकडचे असतील तर थर्मल डोनर आणि बोरॉन-ऑक्सिजनकडे.

क्रम म्हणाल तर मी असा लावेन. आधी भट्टीत न गेलेले नव्या लॉटचे चार-पाच वेफर आणि जुन्या लॉटचे शिल्लक असतील तेवढे घ्या, एकत्र धुवा, एकत्र पॅसिव्हेट करा, लाइफटाइम मोजा. इथेच फरक दिसला तर माल वेगळा आहे. अंधार-प्रकाशाची चाचणी करा आणि २०० अंशांची तापवणीही करून बघा. तापवल्यानंतर मोजण्याआधी रात्रभर अंधारात ठेवायला विसरू नका, कारण त्या तापमानाला लोह-बोरॉनच्या जोड्याही सुटतात. फरक दिसला नाही तर वेफरच्या आतलं सिलिकॉन निर्दोष आहे. मग दोन्ही लॉट एकाच बोटमध्ये (वेफर उभे ठेवायच्या चौकटीत) भरून भट्टीतून काढा. दोन्ही पडले तर नळी, बोट, धुण्याची टाकी आणि चिमटे तपासा. फक्त नवा पडला तर तो पृष्ठभागावर काहीतरी घेऊन आला आहे, बहुधा कापताना. अशा वेळी भट्टीआधीच्या धुण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साइडची पायरी आहे का आणि ते मिश्रण किती वेफरनंतर बदललं जातं, हे बघा.

मोजमापं झाली की आकडे पाठवा. प्रत्येक आकड्यापुढे इंजेक्शन पातळी आणि पॅसिव्हेशनचा प्रकार लिहा, नाहीतर मलाही अंदाजानेच बोलावं लागेल.